बॉलवर आडनाव नसते

शालू,

घाटावर माझं नाव पुकारलं तेव्हा मी उभी राहिले आणि तशीच परत खाली बसले. तुझे विद्यार्थी छान बोलले. ऑपरेशन थिएटरात तुझ्याबरोबर आयुष्य काढलेल्या एक सिस्टर बोलल्या. तुझ्या वस्तीतले एक म्हातारे काका बोलले. तू डॉक्टर झालीस तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते, आणि ते सांगताना भर घाटावर त्यांचा चेहरा पेढे वाटत असल्यासारखा फुलला होता. मग बौद्धाचार्य म्हणाले, "मॅडमच्या गोल्फ क्लबातल्या मैत्रीण मंगलताई आल्या आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावे." पांढऱ्या साड्यांच्या रांगा माझ्याकडे वळल्या. माझ्याजवळ दोन शब्द नव्हते. मला तुझ्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं, आणि श्रद्धांजलीत कोणाशी भांडता येत नाही.

म्हणून हे लिहायला बसले. बसले म्हणजे नावालाच. सावनेरच्या जिनिंगवर माझ्या ऑफिसात आहे, बाहेर कापसाच्या गाड्या लागल्या आहेत, वजनकाट्यावर कोणीतरी कोणावर तरी ओरडतंय, आणि दर चार ओळींनी मी उठून दाराशी जाते. दाराशी काही नसतं. परत येते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बस ना वं एका जागी."

तुला बसता यायचं. ती एक विद्या होती तुझ्याजवळ. भूलतज्ज्ञ बाईचं अर्धं आयुष्य सर्जनची वाट पाहण्यात जातं, असं तू म्हणायचीस. पेशंट तयार, औषधं तयार, तू तयार, आणि सर्जनसाहेब अजून गाडी लावून राहिले. त्या वाट पाहण्याचा तुला कधी राग आला नाही, त्यात तू पेशंटशी गप्पा मारायचीस. क्लबातही तेच. खेळ सुरू होतो त्या पहिल्या टीजवळच्या बाकावर तू अशी बसायचीस, जसं काही बसायलाच आली आहेस आणि खेळ हा वरचा.

आपली पहिली भेटही त्या बाकावरच. सुरेशला जाऊन दोन-अडीच महिने झाले असतील. क्लबात आम्ही नवरा-बायको जोडीनंच खेळायचो, त्याच्यामुळे मला कोणाशी ओळख करून घ्यायची गरज पडली नव्हती. तो गेल्यावर मी मेंबरशिप बंद करायला म्हणून आले. मे महिना होता, ऊन चढायच्या आत खेळून घ्यायला सगळं नागपूर पहाटेच तिथे लोटलेलं. ऑफिस उघडलं नव्हतं. मी बाकाच्या टोकाला टेकले. तू दुसऱ्या टोकाला होतीस, पांढरी टोपी, मोठा चष्मा. तू विचारलंस, "बॉल टाकला का?"

मी म्हटलं, "मी एकटीच आहे."

"मंग? मी बी एकटीच आहो."

जणू एकटं असणं ही खेळायला लागणारी वस्तू होती, टोपीसारखी, आणि ती आपल्या दोघींजवळ होती. तू खिशातून एक बॉल काढून माझ्या हातावर ठेवलास. मी उठून तो नळीत टाकला. कशासाठी टाकला ते आजही सांगता येणार नाही.

आपला क्लब त्या नळीवर चालतो हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. माझ्या मुलाला वाटत नाही. त्याला वाटतं, एवढा मोठा खाजगी क्लब, एवढी हिरवळ, म्हणजे फोन करून वेळ राखून ठेवत असतील. आपल्याकडे वेळ राखून ठेवत नाहीत. पहिला फटका जिथून मारतात त्या टीजवळच्या भिंतीवर एक पत्र्याची उघडी नळी तिरकी बसवली आहे. आलं की आपला बॉल वरच्या टोकाला सोडायचा. तो घरंगळत जाऊन आधीच्याला टेकतो. खालचे चार बॉल म्हणजे पुढचा ग्रुप. चार बॉल कोणाचेही असोत. वकील असो, बिल्डर असो, कामठीचे कर्नल असोत, तू असो, मी असो, ज्याचा बॉल ज्याच्या शेजारी आला त्याच्याबरोबर त्या सकाळी खेळायचं. नाही म्हणायची सोय नाही. एकच अट, माणूस हजर पाहिजे. घरी झोपलेल्याचा बॉल दुसऱ्यानं टाकायचा नाही.

त्या दिवशी नळीच्या तळाशी चार बॉल होते आणि समोर माणसं दोनच उभी होती. त्यातले एक काळे साहेब. आता ते क्लबचे कॅप्टन आहेत. तेव्हा नुसतेच काळे साहेब होते, आणि त्यांचा घरांचा धंदा नुकताच वर आला होता. तू उठलीस, नळीपाशी गेलीस आणि एक बॉल उचलून वर धरलास.

"हा कोणाचा?"

"आमचा चौथा येऊन राहिला, मॅडम. पार्किंगमध्येच आहे."

"अन् हा?"

"तो बी येऊन राहिला."

"म्हणजे भुतांचे बॉल टाकले तुम्ही." तू ते दोन्ही बॉल काढून काळे साहेबांच्या हातात दिलेस, अगदी शांतपणे, पेशंटच्या नातेवाइकाला त्याचं घड्याळ-अंगठी काढून द्यावी तसे. "भूत आलं की वरून टाकीन. आता आमच्या दोघींचे खाली आले. चला."

चार होल होईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. पाचव्या होलला काळे साहेब तुझ्या बाजूनं चालायला लागले आणि थोडं खाकरून त्यांनी विचारलं, त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, या वयात पूर्ण भूल द्यावी का नुसती कमरेखालची. तू उभी राहून, सगळं नीट विचारून घेऊन, त्यांना समजावून सांगितलंस. आठव्या होलपर्यंत त्यांच्या आईचं सगळं घर मला माहीत झालं होतं. ऑफिस उघडलं तेव्हा मी खेळत होते. मेंबरशिप तशीच राहिली.

त्यानंतर किती वर्षं आपण त्या बाकावर काढली. तू सुरेशबद्दल मला एकदाही विचारलं नाहीस. लोक विचारायचे, डोळ्यांत पाहून, मान तिरकी करून, आणि मला उठून पळावंसं वाटायचं. तू नुसती सरकून जागा करून द्यायचीस. याचे आभार मानायचे राहिले. तू हयात असताना मानले असते तर तू म्हणाली असतीस, "कायले नाटक करतं वं," म्हणून मानले नाहीत. आता तू तसं म्हणू शकत नाहीस, तर घे. आभार.

पण भांडणावर येते.

दिवाळीच्या आधी काळे साहेबांनी ॲपची गोष्ट काढली. फोनवर वेळ बुक करायची, चौघांची नावं टाकायची, आपल्या वेळेला यायचं, खेळायचं, जायचं. नळी काढून टाकायची. सभा बोलावून मत घ्यायचं ठरलं. मी पहिल्या दिवसापासून ॲपच्या बाजूनं. का, ते तुला ठाऊक होतं. कापूस सुरू झाला की माझा दिवस माझा राहत नाही. सावनेरहून निघायचं, नागपुरात यायचं, हिवाळ्यात अर्धं शहर खेळायला आलेलं, नळी वरपर्यंत भरलेली, आणि मी बाकावर बसून फोनवर भाव सांगते आहे, ओरडते आहे, उठते आहे, बसते आहे. कधी कधी खेळायची पाळी यायच्या आत मी निघून गेले आहे. तू तिथेच, थर्मासमधला चहा ओतत.

"मले वेळ पाहिजे, शालू. माझी. लिहिलेली."

"बुकिंग चौघांचं असते," तू म्हणालीस. "एकट्या बाईनं कोणाले फोन करायचा?"

"मला करायचा."

"तू आता आहे. मी आली तेव्हा तू होती का?"

आणि मग तू ती हॉस्टेलची गोष्ट सांगितलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मेडिकलच्या मुलींच्या मेसमध्ये कोण कुठे बसेल याचा नियम नव्हता. कोणी कोणाला उठवलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. तरी तुझ्या टेबलावर पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत त्याच चार मुली. तुम्ही आधी बसलात तर बाकीची टेबलं भरायची आणि तुमच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. "सगळ्या चांगल्या होत्या वं," तू म्हणालीस. "आजही फोन करतात. पण जागा धरून ठेवायच्या ना, एकमेकींसाठी. आमच्यासाठी कोणी धरली नाई." तू चहाचा घोट घेतलास. "इथं आली तर ही नळी. बॉलवर आडनाव नसते, मंगल. माझ्या शेजारी ज्याचा बॉल आला त्याले माझ्यासोबत चालावंच लागते. चार तास चालल्यावर माणूस बोलतेच. काळे नाई बोलला?"

मी गप्प राहिले नाही. गप्प राहणं मला जमत नाही. मी म्हटलं, "पण भुताचे बॉल त्याच नळीत पडतात ना? तू काढते म्हणून निघतात. तू प्रज्ञाच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती तेव्हा मला विचार. रोज एक नवा चौथा पार्किंगमध्ये असायचा. मी उभीच. मला नाही तुझ्यासारखं बॉल उचलून विचारता येत. ॲपवर माझं नाव लिहिलेलं राहील. कोणी पुसू शकणार नाही."

"नाव लिहिलेलं राहील," तू म्हणालीस. "तेच तर म्हणून राहिली मी. आधी नाव दिसन, मंग लोक ठरवतीन."

"अन् नळीसमोर दादागिरी चालते त्याचं काय?"

"त्याच्यासाठी मी आहो ना."

"तू काय कायम राहणार आहेस का?"

हे मी म्हटलं. भांडणात म्हणतात तसं म्हटलं, त्यात काही नव्हतं, तू हसलीससुद्धा. "सभेत ये," तू म्हणालीस. "तू तुझी बाजू सांग, मी माझी सांगतो. पाहू कोणाचे हात जास्त वर होते." तू रंगात आलीस की पुरुषासारखं 'सांगतो, करतो' म्हणायचीस, तुझ्या वडिलांची मिलमधली बोली होती म्हणे ती. मग आपली पाळी आली आणि आपण खेळलो. तू हरलीस, तुझा बॉल तळ्यात गेला आणि तू तळ्याला शिव्या दिल्यास.

सभा रविवारी होती. तू बुधवारी गेलीस.

मी इथेच होते, या खुर्चीत. दुपारची वेळ. प्रज्ञा त्या आठवड्यात पुण्याहून आली होती हे मला माहीत होतं, म्हणून तिचा फोन आला तेव्हा मला वाटलं तुम्ही जेवायला बोलावताय. ती म्हणाली, "मावशी, आई उठून नाही राहिली." मी म्हटलं, "झोपू दे ना तिला." मग ती म्हणाली, "नाही मावशी. आई उठूनच नाही राहिली."

जेवून तू खुर्चीत बसलीस, टीव्ही चालू होता, प्रज्ञा भांडी आवरून आली तर तू नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. कळलंही नसेल. सगळे त्यातच समाधान मानत होते. मी नागपूरपर्यंत गाडी कशी चालवली ते आठवत नाही. पुढच्या ट्रकला मी हॉर्न देत राहिले एवढं आठवतं, जणू लवकर पोचले तर काही उपयोग होणार होता. तू नेहमी सांगायचीस की माणसाला झोपवणं सोपं, खरं काम उठवण्याचं. तुझ्या पायाशी उभी राहून माझ्या डोक्यात हेच एक वाक्य फिरत होतं, आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. प्रज्ञानं माझ्या हातात मेणबत्ती दिली. सगळे त्रिसरण म्हणत होते, मला शब्द येत नव्हते, मी ओठ हलवले. मध्येच मी घड्याळ पाहिलं. कशासाठी पाहिलं? कुठे जायचं होतं मला? तू पाहिलं असतंस तर हसली असतीस.

आणि मग आला रविवार.

मला वाटलं होतं सभा पुढे ढकलतील. ढकलली नाही. काळे साहेबांनी तुझा फोटो ठेवला होता, हार घातला होता, तुझ्याबद्दल चार वाक्यं बोलले. ती खरी होती, त्यांचा आवाज भरला होता. सगळ्यांनी उभं राहून मौन पाळलं. आणि बसता बसता ते म्हणाले, "तर आता विषय पहिला." खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मला तो आवाज सहन झाला नाही. एका मिनिटात तू विषय राहिली नाहीस.

कोणाला बोलायचं आहे का, त्यांनी विचारलं. ॲपच्या बाजूनं दोघं बोलले. विरोधात कोणी उठलं नाही. विरोधात तू बोलणार होतीस, सगळ्यांना माहीत होतं, आणि तुझ्यावर सोडून सगळे निवांत होते. त्यातले काही नळीच्याच बाजूचे होते, चेहऱ्यावर दिसत होतं. पण उठलं कोणी नाही.

मी उठले. आधी ठरवलं नव्हतं. माझ्या पर्समध्ये ॲपच्या बाजूचं भाषण होतं, पाठ केलेलं. मी म्हटलं, "मेश्राम मॅडम आज जे बोलणार होत्या ते आधी मी सांगते." आणि सांगितलं. हॉस्टेलचं टेबल नाही सांगितलं, ते तू मला सांगितलं होतंस, सभेला नाही. पण बुकिंग चौघांचं असतं हे सांगितलं. एकट्या माणसानं कोणाला फोन करायचा, हे विचारलं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला, विधवा बाईला, बदलून आलेल्या अधिकाऱ्याला, ज्याच्या नावाशी अजून इथे कोणाची ओळख नाही अशाला चौथा कोण घेणार, हे विचारलं. बॉलवर आडनाव नसतं, हे तुझ्या शब्दांत सांगितलं. मागच्या रांगेत एक जण खाली पाहायला लागला. मला वाटलं झालं, जिंकलीस तू.

आणि मग शालू, मी माझी बाजूही सांगितली.

सांगावीच लागली. तू मेलीस म्हणून मी माझं मत बदललं असतं तर तुलाच राग आला असता. मला माहीत आहे तो राग. मी म्हटलं, "ही नळी चांगली चालायची कारण मेश्राम मॅडम तिच्याजवळ बसायच्या. काल शनिवारी मी गेले होते. नळीत भुतांचे बॉल होते. मी मोजले नाहीत, पण माणसांपेक्षा बॉल जास्त होते. मी काही बोलू शकले नाही. आता ते कोण काढणार आहे? तुमच्यापैकी कोण? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. काही जण हसले, शरमून.

काळे साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं मत नेमकं कोणत्या बाजूनं समजायचं?"

हशा पिकला. मी उभी, सगळे माझ्याकडे पाहताहेत, तुझा फोटो माझ्याकडे पाहतोय, आणि मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "बुकिंग करा. पण तिघांचंच. चौथं नाव ॲपनं घ्यायचंच नाही. चौथी जागा जो येऊन बाकावर बसला असेल त्याची. तो कोणीही असो, नाही म्हणायचं नाही."

हे मी आधी कधी विचारात घेतलं नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा मीच ऐकलं. मग तासभर गोंधळ. एक वकील म्हणाले, हे ना धड इकडे ना तिकडे. कर्नल म्हणाले, उत्तम आहे. कोणी म्हणालं, चार मित्रांनी काय एकाला घरी ठेवून यायचं? मी म्हटलं, "चौथ्यानं बाकावर बसावं. येईल नशिबानं तुमच्यातच." शेवटी शनिवार-रविवारी हे करून पाहायचं, होळीपर्यंत, आणि बाकीचे दिवस नळी तशीच, असं ठरलं. हात मोजले. जेमतेम पास झालं ते. काळे साहेबांचा हात वर होता. ते मी पाहिलं.

घरी आले आणि मला एक मिनिट बसवेना. कोण जिंकलं, शालू? मला वेळ मिळाली, लिहिलेली, माझी. तुझी चौथी जागा राहिली. सगळे फोन करून म्हणाले, वा, मॅडमना खरी श्रद्धांजली. आणि मला तुझाच आवाज येत राहिला, "माझं वाक्य वापरून तू आपलं काम करून घेतलं ना वं?" असं म्हणाली असतीस का? की म्हणाली असतीस, बरं केलं? मी खोलीत फेऱ्या घातल्या. तुला फोन करायला हात गेला, खरंच गेला, नंबर लावेपर्यंत गेला. दोन्ही बाजू मीच मांडल्या, हे काही भांडण झालं का? समोर तू नसताना मी बरोबर आहे की चूक हे मला कसं कळायचं? इतकी वर्षं ते मला तुझ्या चेहऱ्यावरून कळायचं.

परवा पहिला शनिवार झाला. थंडी होती, गवतावर दव इतकं की बॉलमागे रेघ उमटत होती. मी, काळे साहेब आणि बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ, अशी तीन नावं. मी वेळेच्या आधी पोचले. बाकावर प्रज्ञा बसली होती.

ती तुझं लॉकर रिकामं करायला आली होती. पिशवीत तुझी टोपी, दोन हातमोजे, ऊन लागू नये म्हणून लावायची ती ट्यूब. बाजूला तुझी काठ्यांची किट. ती म्हणाली, "आईचे बूट मला होत नाहीत, मावशी. ते राहू देते." मग म्हणाली, "लहानपणी मला या जागेचा फार राग होता. सुट्टीच्या दिवशी आई इथं. विचारलं, किती खेळली, तर सांगायची, खेळली कमी, बसली जास्त. मला समजायचं नाही, बसायचंच आहे तर घरी बस ना माझ्याजवळ." ती रडत नव्हती. नुसती विचारत होती. "काय करायची ती इथं बसून?"

मी म्हटलं, "लोकांना शेजारी बसवायची." दुसरं काही सुचलं नाही. पण ते खरं आहे.

आमची वेळ झाली. चौथ्या जागेसाठी पुकारलं, कोणी आहे का? थंडीमुळे बाकावर दुसरं कोणी नव्हतं. मी प्रज्ञाकडे पाहिलं.

"मला खेळता येत नाही, मावशी. मी कधी काठी हातात धरली नाही."

मी काळे साहेबांकडे पाहिलं. ते पाहुण्यांचे नियम सांगतील असं वाटलं. ते म्हणाले, "पाहुणी म्हणून चालेल. नियम काय आहे? बाकावर बसलेल्याले नाही म्हणायचं नाही." आणि त्यांनी स्वतः तुझ्या किटमधून एक काठी काढून तिच्या हातात दिली.

पहिल्यांदा तिनं फिरवली ती बॉलच्या वरून गेली. दुसऱ्यांदा जमिनीला लागली, मातीचं ढेकूळ उडालं. ती लाल झाली. "राहू द्या," म्हणाली. आमच्या नंतरच्या वेळेवाली मुलं मागे येऊन उभी होती, चांगली तरणीताठी, घड्याळाकडे बघत. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, आमची वेळ होऊन गेली."

मी वळून म्हटलं, "थांबा जरा. तिची पाळी चालू आहे."

तिसऱ्या खेपेला लागला. लागला म्हणजे काय, चेंडूनं गवतातून एक ओली रेघ ओढली आणि जरा पुढे जाऊन थांबला. तुझा हसण्याचा आवाज मला माहीत आहे, तो नाही आला. तिचा आला. तुझ्यासारखा नाही, वेगळाच आहे, जरा खरखरीत.

"आता काय करायचं, मावशी?"

"आता तो पडला तिथं जायचं, अन् तिथून मारायचं."

ती निघाली, काठी खांद्यावर टाकून, कुदळ टाकावी तशी. काळे साहेब माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, "हिला बरंच शिकवावं लागते, मॅडम."

मी म्हटलं, "कसं शिकवणार? उद्या सकाळची गाडी आहे तिची पुण्याची."

प्रज्ञानं ऐकलं असावं. मागे न बघता, चालता चालताच ती म्हणाली, "तिकीट बदलता येते, मावशी."